वरचा आकडा चढलेला, खालचा उतरलेला

प्रश्न : माझ्या आईचे वय 74 आहे. दोन महिन्यांपासून तिचा रक्तदाब 168/72 च्या आसपास असतो. ‘वय अधिक शंभर एवढा चालतो’ असे शेजारी सांगतात. सकाळी अंथरुणातून उठताना चक्कर येते म्हणून तिने गोळीही बंद केली आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘वय अधिक शंभर’ हा हिशेब एके काळी डॉक्टरही सांगत असत, तो चुकीचा ठरला आहे. उतारवयात मोठ्या रक्तवाहिन्या ताठर होतात. हृदयाने रक्त ढकलले की त्या पूर्वीसारख्या फुगत नाहीत, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब टिकवून धरणेही त्यांना जमत नाही, म्हणून खालचा उतरतो. त्यामुळे आईंच्या 72 या आकड्यावर समाधान मानू नका. तीही त्याच ताठरपणाची खूण आहे. अशाच, साठ वर्षांपुढील 4,736 रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्लोरथॅलिडोन या साध्या गोळीपासून सुरू केलेल्या उपचाराने पक्षाघाताचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले.

चक्कर येते ही तक्रारही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी, कारण या वयात एका पडण्याने खुब्याचे हाड मोडू शकते. आईंना पाच मिनिटे शांत पडून राहू द्या, रक्तदाब मोजा, आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर चकरेचे कारण बहुधा तेच असते, आणि डॉक्टर गोळी, तिची मात्रा किंवा वेळ बदलू शकतात. स्वतःच्या मनाने गोळी सोडणे मात्र धोक्याचे आहे. काही गोळ्या एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळतो.

गुडघेदुखीसाठी आई दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत असतील, तर डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण त्यांपैकी अनेक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो. मीठ दिवसाला सर्व मिळून 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी असावे. त्यात पापड, लोणचे आणि उपवासाचे सैंधवही धरावे. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास ‘कमी सोडियमचे’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका, कारण त्यात पोटॅशियम असते.

याच आठवड्यात सर्व नोंदी आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन आईंना डॉक्टरांकडे न्या.