रिसर्च सोडायच्या आधी एवढं वाच

अगं, तुझा मेसेज रात्री वाचला आणि नीट झोपच लागली नाही. थिसिस दिला की रिसर्च बंद, बँकेच्या परीक्षा देणार म्हणतेस. दोन वर्षांपूर्वी हीच तू पोस्टडॉकसाठी कुठे अप्लाय करू विचारत होतीस!

माझंही असंच झालेलं म्हणून सांगते. माझे पहिले गाईड सगळं स्वतःच ठरवायचे, प्रयोग कुठला, ग्राफ कुठला, कॉन्फरन्सला कोण जाणार, आणि मी तीन वर्षं नुसती हो सर हो सर करत राहिले, मग मला वाटायलाच लागलं की आपल्याला स्वतःहून काही सुचत नाही, प्राध्यापक होणं आपलं काम नाही. माणूस वाईट नव्हता गं, पेपरवर माझं नाव पहिलं असायचं. पण तुला काय वाटतं, हे एकदाही विचारलं नाही. ते रिटायर झाल्यावर मी दुसऱ्या गाईड मॅडमकडे गेले, त्यांनी पहिल्याच दिवशी माझी वही ओढून विचारलं, यातलं तुझं कुठलं? मला रडूच आलं, उत्तरच नव्हतं. सहा महिन्यांनी होतं.

तुझ्या सरांचं उलट आहे, ते भेटतच नाहीत. यूजीसीच्या 2022 च्या नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एकावेळी 8 पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात, वर लेक्चर, कमिट्या, नॅकच्या मूल्यांकनाची कामं, त्यामुळे तुझा चॅप्टर चार महिने पडून राहतो आणि तू समजतेस की तो वाचण्यासारखाच नाही. हे तुझ्या कामाचं माप नाहीये. सही त्यांचीच लागते म्हणून बोलायची भीती वाटते, तेही कळतं मला.

पण दर सेमिस्टरला आरएसीपुढे, म्हणजे रिसर्च अ‍ॅडव्हायझरी कमिटीपुढे, प्रेझेंटेशन असतंच ना, तिथे सरांशिवाय बाकीचेही मेंबर बसतात. नुसतं स्लाइड दाखवून उठू नकोस, चॅप्टरची प्रिंट दे, लेखी सूचना माग. डिपार्टमेंटमधल्या ज्या मॅडम तुला प्रश्न विचारतात त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाऊन बस, सरांना सांगूनच जा म्हणजे गैरसमज नको. आणि बँकेत खरंच जावंसं वाटत असेल तर जा, मी आनंदाने पेढे खाईन, फक्त सरांनी फोन उचलला नाही म्हणून जाऊ नकोस.

तो चार महिने पडलेला चॅप्टर मला आजच पाठव. रविवारपर्यंत वाचते.