ग्रीन बेला यायचं का, विचारताय म्हणून

ताई, मिस्टरांना इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बेच्या कागद कारखान्यात नोकरी मिळतेय, मुलगी पाचवीत आहे, आणि एवढ्याशा गावात निभाव लागेल का, असं विचारलंत. व्हिसा, विमा, थंडीचे कपडे यांवर ढिगाने माहिती मिळेल, ती मी देत नाही.

एक मात्र करा. तिघांच्या सगळ्या कागदांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं करून या. एका खिडकीवर माझं नाव वडिलांच्या नावाला जोडून एकच शब्द केला, दुसऱ्या खिडकीने ते मानलं नाही. लायसन्स अडलं, आणि इथे गाडीवाचून दूधही आणता येत नाही.

शाळेचं अजून डोक्यातून जात नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असा प्रश्न होता. मराठी लिहिलं. तेवढ्यावरून पोराची इंग्रजीची परीक्षा घेतली आणि रोज एक तास त्याला वेगळ्या खोलीत बसवलं. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा! त्याची आई मुख्याध्यापकांशी बोलून आली. त्या गोड हसल्या. बस.

पुढे त्याच पोराने वर्गात पॅकर्सवर, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघावर, प्रकल्प केला, आणि घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता. तुम्हालाही हे ऐकावंच लागणार. 1919 साली कर्ली लॅम्बो नावाच्या विशीतल्या कारकुनाने आणि जॉर्ज कॅल्हून या बातमीदाराने पोरं जमवून संघ काढला. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनीत कामाला होता (नावावर जाऊ नका, मांस डबाबंद करणारी कंपनी, आपला संबंध नाही). तिने गणवेशासाठी 500 डॉलर दिले, म्हणून नाव पॅकर्स. मैदानाला कुंपण नव्हतं, तिकीट लावणार कुठे? टोपी फिरवायचे. 1921 मध्ये मोठ्या लीगमध्ये शिरले आणि त्याच मोसमात कॉलेजची पोरं खोट्या नावाने खेळवली. मान्यता गेली, पुढच्या वर्षी लॅम्बोने ती परत मिळवली. मग पावसाने गल्ला बुडाला. पावसाचा विमा होता, पण इंचाचा शंभरावा भाग कमी पडला म्हणून कंपनीने पैसे नाकारले, असं सांगतात. हे वाचून मला त्या खिडक्या आठवल्या.

1923 मध्ये स्थानिक वर्तमानपत्राचे मालक अँड्र्यू टर्नबुल आणि गावातले व्यापारी पुढे आले. पाच-पाच डॉलरचे शेअर विकले. लाभांश नाही, नफा वाटायचा नाही. आपली गणपतीची वर्गणीच म्हणा. कँटन, रॉक आयलंड, पॉट्सव्हिल, त्या काळच्या लहान गावांचे संघ बुडाले किंवा मोठ्या शहरांत गेले. पोर्ट्समथचा संघ 1934 मध्ये डेट्रॉइटला गेला. तेव्हा सदतीस-एक हजार वस्तीच्या या गावाने 1929, 1930, 1931 अशी सलग तीन विजेतेपदं मिळवली. मग स्टँडवरून पडलेल्या एका प्रेक्षकाने दावा लावला आणि संघाची दिवाळखोरीची वेळ आली. 1935 मध्ये गावाने परत शेअर घेतले.

गाव कसं आहे याचं माझं उत्तर हेच. दारातला बर्फ न विचारता काढून देतील. पण त्यांचं ‘आपण’ शंभर वर्षं जुनं आहे आणि त्यात शिरायला फॉर्म नाही. पोरगा शिरला. सामना हरला की जेवत नाही. मी शेजारी बसून टाळ्या वाजवतो, आणि खरं सांगू, मला त्याचा थोडा हेवा वाटतो. बार्शीत मी वर्गणी गोळा करत फिरायचो. इथे माझ्याकडे कोणी मागायला येत नाही.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. जानेवारीत जास्त. शिकागो गाडीने साडेतीन तासांवर आहे, गणपतीला जाऊन येता येतं.

घर स्टेडियमजवळ घेऊ नका. सामन्याच्या दिवशी अंगणात गाड्या लावू द्यायला तयार असाल तरच घ्या. पैसे बरे मिळतात. आणि शाळेच्या फॉर्मवर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. धाकटीच्या वेळीही आम्ही मराठीच लिहिलं.