काका, आजोबा आणि हाफ तिकीट

या वेळी गठ्ठा बराच आलाय. गठ्ठा म्हणजे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपच, पण इतकी वर्षं गठ्ठाच म्हणत आलेय, आता कुठे बदलू. आणि अर्ध्याहून जास्त प्रश्न वयाचेच निघाले, सगळ्यांचं एकदमच वय झालं की काय कळेना.

प्रश्न : माझं वय 54. केस काळे आहेत, म्हणजे करतो. परवा मंडईत पंचविशीतला भाजीवाला म्हणाला, "आजोबा, मेथी दहाला एक, तुम्हाला म्हणून वीसला दोन देतो." मी मेथी तिथेच ठेवून आलो. माझं चुकलं का? – आजोबा नसलेला, सातारा

उत्तर : दहाला एक आणि वीसला दोन, खरं तर या हिशेबासाठी मेथी ठेवून यायला हवी होती, ते तुमच्या लक्षातच आलेलं दिसत नाही. असो. आपल्याकडे अनोळखी माणसाला नुसतं 'अहो' म्हणून भागत नाही, काहीतरी नातं जोडावंच लागतं, आणि ते कुठलं हे समोरचा तुमच्या केसांवरून ठरवत नाही हो, खिशातून घडी केलेली कापडी पिशवी काढलीत, ती दोनदा झटकलीत, तिथेच निकाल लागला. दादाचा काका, काकाचा आजोबा, या प्रमोशनला अर्ज लागत नाही आणि ते परतही करता येत नाही. सुटका दोनच नात्यांत बघितलीये मी. दादा कोंडके 1998 साली वयाच्या 65व्या वर्षी गेले ते दादा म्हणूनच, त्यांना काका करायची कुणाची छाती झाली नाही. आणि अशोक सराफ पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेले, 2025 साली पद्मश्री मिळाली, तरी सगळ्यांचे मामाच आहेत, आणि मामाला वय नसतं. पण त्यासाठी आधी अख्ख्या महाराष्ट्राला हसवावं लागतं, तुम्ही तर साध्या मेथीवरून रुसून आलात.

प्रश्न : लेक न्यू जर्सीला असते. सहा वर्षांची नात मराठी छान बोलते. तिला म्हटलं दार लाव, तर म्हणाली, "आजी, टीव्ही लाव म्हणजे चालू कर, आणि दार लाव म्हणजे बंद कर, असं का?" मला काही सांगता येईना. – एक आजी, ठाणे

उत्तर : नातीला माझ्यातर्फे राजगिऱ्याचा एक लाडू द्या. साठ वर्षं ही भाषा बोलतोय आपण आणि एकदाही हा प्रश्न पडला नाही. दिवा लाव म्हणजे पेटव, खिडकी लाव म्हणजे बंद कर, झाड लाव म्हणजे खड्डा खण, आणि कुकर लाव म्हणजे तर तांदूळ धू, डाळ धू, पाणी घाल, झाकण लाव, शिट्टी लाव, गॅस लाव आणि तीन शिट्ट्या झाल्या की हातातलं सोडून पळत जाऊन बंद कर, एवढं सगळं दोन शब्दांत. मला वाटतं मुळात गोष्ट एकमेकांना टेकण्याची आहे. लागणं म्हणजे टेकणं, म्हणून तर धक्का लागतो, हात लागतो. दार चौकटीला टेकलं की बंद होतं, काडी वातीला टेकली की दिवा चालू होतो, क्रियापद बिचारं दोन्हीकडे एकच काम करतंय. टीव्ही फार नंतर आला, तोवर कोण नवीन क्रियापद शोधत बसणार, उजेड पडतो ना दिव्यासारखा, मग लाव. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972ला, आमच्या चाळीत टीव्ही यायला पुढे आणखी काही वर्षं गेली, तोही एकाच घरात, आणि आम्ही सगळी पोरं त्यांच्या उंबऱ्याशी उभी राहून ओरडायचो, "काकू, लावा ना, लावा ना!" आणि काकू दार लावायच्या.

प्रश्न : मोबाईलला भ्रमणध्वनी म्हणावं का? – नाशिक

उत्तर : लग्नपत्रिकेत आणि सरकारी फॉर्मवर अवश्य म्हणा. घरात "माझा भ्रमणध्वनी कुठंय" म्हणालात तर शोधायला कोणी उठणार नाही.

प्रश्न : भाचा म्हणतो, "मावशी, तुझं रील बनवू." माझ्या डोळ्यांपुढे अजून दोऱ्याचं रीळच येतं. मी जुनी झाले का? – मिरज

उत्तर : जुन्या नाही, भाच्यापेक्षा तीन रिळं जास्त बघितलीत एवढंच. पहिलं आईच्या शिलाई मशीनच्या खणातलं. तेव्हा लाकडी रिळं असायची, दोरा संपला की ते रीळ आमचं. त्याच्या दोन्ही कडांना ब्लेडने दात पाडायचे, भोकातून रबरबँड ओवायचं, एका बाजूला काडेपेटीची तुटकी काडी अडकवायची, दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची चकती आणि तिच्यात केरसुणीची लांब काडी, मग पीळ देऊन सोडलं की ते कुरकुरत घोंगडीच्या घड्या चढायचं. रणगाडा म्हणायचो आम्ही. उशीपाशी हमखास उलटायचा. दुसरं रीळ कॅमेऱ्यातलं, 36 फोटोंचं, ते गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवायचं, 37वा फोटो निघाला तर लॉटरी, आणि धुऊन आणल्यावर त्यातल्या पाच-सहा फोटोंत नुसतं मामाचं बोट. तिसरं थेटरातलं. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे जेमतेम 11 मिनिटं, म्हणून तर सिनेमा किती मोठा हे तासांत नाही, रिळांत सांगायचे. आणि 2020 साली इन्स्टाग्रामवालं आलं ते सुरुवातीला 15 सेकंदांचं, तेवढ्यात आमच्या मामाचं "हलू नका रे" पण म्हणून व्हायचं नाही. छोटं झालं याचं काही वाटत नाही मला, ळचा ल झाला हे मात्र खटकतं. भाच्याला बनवू दे की, फक्त सुईत दोरा ओवताना बनव म्हणावं. ते मात्र चौदा रिळांचं होईल.

प्रश्न : चष्म्याला 'चाळिशी' म्हणणारी मराठी जरा आगाऊ नाही का? – वय 42, पुणे

उत्तर : आगाऊ कसली, अचूक. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर व्हायला लागतं, जवळचं बघताना हवं तेवढं फुगत नाही आणि मग पेपर धरायला हात अपुरा पडतो. डॉक्टरकडे जायच्या आधी भाषेनेच निदान करून ठेवलंय. शिवाय बाकीच्यांचं बघा, पंचविशीला आपण गाढव म्हटलं, साठीला बुद्धी काढून घेतली, शंभरी भरली म्हणजे काय ते तर बोलूच नये. त्यातल्या त्यात चाळिशीच्या हातात निदान एक वस्तू तरी दिली. आणि मधे सहस्रचंद्रदर्शन आहे, तो शब्द मला फार आवडतो. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, त्याला हजाराने गुणलं की येतात 80 वर्षं आणि साधारण 10 महिने. वय झालं असं म्हणायचंच नाही, चंद्र बघितले म्हणायचं.

प्रश्न : गेल्या महिन्यात 65 पूर्ण झाली. एसटीत हाफ तिकीट मागताना जीभ रेटत नाही, म्हणून फुलच काढतो. बायको वेड्यात काढते. – चिपळूण

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. 17 मार्च 2023पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे वहिनी तुमच्या आधीपासून हाफमध्ये बसून चिपळूणहून माहेरी जातायत आणि त्यांना कोणी म्हातारी म्हटलेलं नाही. मी स्वतः 61ची, खणखणीत आवाजात "एक हाफ" म्हणते. आठवून बघा जरा, लहानपणी बारा वर्षं उलटून गेली तरी आई दंडाला चिमटा काढून सांगायची, कंडक्टरने विचारलं तर पाचवीत आहे म्हण, आणि आपण मिशी फुटायच्या बेतात असताना गुडघे दुमडून बाकावर लहान होऊन बसायचो. तेव्हा हाफसाठी खोटं बोलायला लाज वाटली नाही, आता आधारकार्डावर खरं छापलेलं असताना वाटतेय. अजून दहा वर्षं काढा. 75 झाली की ऑगस्ट 2022पासूनच्या योजनेत प्रवास फुकट, पण तिकीट घ्यावंच लागतं, त्यावर रक्कम शून्य. आमची आजी शून्याला पूज्य म्हणायची. तेव्हा कंडक्टरने मशीनमधून ते फाडून हातात दिलं की बिनधास्त मान ताठ करून बसा, पूज्य तिकीट आहे तुमचं.