मीटरला रेंज नाही आणि पुतण्या म्हणतो कॉग्निटिव्ह रेडिओ लावा

प्रश्न: पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे, बारा लूम, वर पत्रा. स्मार्ट मीटर बसवलं पण ते रेंजच धरत नाही, रीडिंगला माणूस यायचा तो अजून येतोच. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, म्हणतो काका कॉग्निटिव्ह रेडिओ लावला की प्रश्न मिटला. खरंय का? – एक कारखानदार, सोलापूर

उत्तर: पुतण्या निम्मा बरोबर आहे. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये रिझर्व्हेशनची सीट रिकामी दिसली की आपण टेकतो आणि कुर्डुवाडीला सीटवाला चढला की गुपचूप उठून दुसरी बघतो, कॉग्निटिव्ह रेडिओ तेच करतो. सीट म्हणजे फ्रीक्वेन्सी, सीटवाला म्हणजे लायसनवाला. जोसेफ मिटोला यांनी १९९९ मध्ये हे मांडलं, पुढे २०११ मध्ये टीव्हीच्या रिकाम्या चॅनलांवरून लांबवर डेटा न्यायचं ८०२.२२ नावाचं स्टँडर्डही आलं. आणि रिकाम्या सीटा आपल्याकडे भरपूर, आयआयटी मुंबईवाल्यांनी २०१४ मध्ये हिशेब मांडला तर ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ चॅनलांपैकी जवळपास सगळीकडे निदान १२ मोकळेच निघाले.

विजेच्या कामाला हे बरं पडतं कारण मीटरचा डेटा चिमूटभर, पंधरा मिनिटांनी नाहीतर अर्ध्या तासाने चार आकडे पाठवायचे, पण मीटर लाखोंनी. सिमवालं मीटर मोबाइलच्याच रांगेत उभं राहतं, गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर फोन लागतो का तुमचा, मग मीटरचं काय होणार.

आता उरलेला निम्मा. तुमचं मीटर लोखंडी पेटीत, पेटी पत्र्याखाली. तिथून सीटवाल्याचा सिग्नल त्याला ऐकूच येणार नाही, त्याला वाटणार सीट रिकामी आणि ते बिनधास्त बोलायला लागणार, बाहेर कुणाचा तरी टीव्ही खराब. म्हणून नुसतं कानावर भागत नाही, टीटीईच्या चार्टसारखा डेटाबेस लागतो, कुठल्या ठिकाणी कुठलं चॅनल मोकळं ते त्यात बघायचं. एवढं सगळं प्रत्येक मीटरात कोंबायला परवडत नाही, माझं मत विचाराल तर कोंबूही नये. मीटरांनी आपसात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बिनलायसनच्या पट्ट्यात, आरएफ मेशवर, एकमेकांच्या खांद्यावरून निरोप द्यावा, डीपीवरच्या डब्यात गोळा करावा, आणि त्या डब्यापासून सबस्टेशनपर्यंतचा टप्पा कॉग्निटिव्ह रेडिओने मारावा. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या शेतीपंपाच्या फीडरवर तर हे खरंच शोभेल, खालची फ्रीक्वेन्सी लांब जाते आणि झाडाझुडपाला तेवढी अडत नाही.

पण लाइन ट्रिप करायचा निरोप उसन्या सीटवर नको. ३१ डिसेंबर २०१३ ला आपल्या सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाइनने दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं, असल्या लाइनवर फॉल्ट झाला तर मिलिसेकंदात ब्रेकर उघडावा लागतो, तिथे सीट शोधत कोण बसणार. त्याला स्वतःची फायबरच हवी.

तुमचं काम सध्या अँटेनावर भागेल बघा. अर्ज देऊन ती पेटीबाहेर, पत्र्याच्या वर काढून मागा, स्वतः पेटी उघडू नका, सील तुटलं तर वेगळीच भानगड. तोवर रीडिंग हरवत नाही, मीटर ते पोटात साठवून ठेवतं. आणि पुतण्याला एकदा कारखान्यात, लूम चालू असताना, सेन्सिंग, म्हणजे कुठली फ्रीक्वेन्सी मोकळी ते ऐकून ओळखणं, करून दाखव म्हणा.