‘उपाधी’ कुणाला लागते?

प्रश्न असा आला आहे: ‘सत्कारपत्रिकेत “मानद उपाधी” लिहावं की “मानद पदवी”? प्रवचनकार “सगळ्या उपाधी टाका” म्हणतात आणि आजी “नसती उपाधी” म्हणते, ते शब्द वेगळे की हाच?’

हाच. पत्रिकेचं शेवटी बघू. आधी प्रवचनकार, कारण त्यांच्यातल्या काहींनी या शब्दाचे जे हाल चालवले आहेत ते ऐकवत नाहीत. ‘उपाधी टाका, म्हणजे डिग्र्या, मानमरातब, पैसाअडका सोडा.’ समोर बसलेले निवृत्त हेडमास्तर मान डोलावतात आणि घरी गेल्यावर दारावरच्या पाटीकडे अपराध्यासारखे बघत राहतात. पाटी राहू द्या हो! वेदान्ताचं त्या पाटीशी काही वाकडं नाही. दुसरा पंथ हौशी व्युत्पत्तिकारांचा: ‘उप म्हणजे दुय्यम, आधी म्हणजे मनाची पीडा, म्हणून उपाधी म्हणजे किरकोळ पीडा.’ उपनदी, उपसरपंच, तशी उपाधी. फोड कानाला गोड लागते, पण ती चुकीची आहे.

खरी फोड उप + आ + धा. ‘धा’ म्हणजे ठेवणे. पाणिनीचं एक छोटंसं सूत्र आहे, ‘उपसर्गे घोः किः’ (३.३.९२). ‘घु’ हे त्यानं दा आणि धा या गटातल्या धातूंना दिलेलं टोपणनाव. उपसर्ग लागलेल्या अशा धातूला ‘कि’ प्रत्यय लागतो, धातूचा ‘आ’ गळतो आणि ‘धि’ उरतो. आता या एका साच्यातून काय काय बाहेर पडतं बघा. विधी, निधी, संधी, आधी, व्याधी, समाधी, उपाधी. सगळी सख्खी भावंडं. मनावर ठेवलेलं ओझं ती आधी. धर्मशास्त्रात गहाण ठेवलेल्या वस्तूलाही ‘आधि’च म्हणतात, आणि घर गहाण ठेवलेल्याला हे दोन अर्थ वेगळे करून सांगावे लागत नाहीत. सगळं नीट एकत्र ठेवलं की समाधी. त्याच जुळणीला दुसरा प्रत्यय लावला की आपलं रोजचं समाधान. व्याधी ‘व्यध्’ म्हणजे भोसकणे यावरून आणणारेही आहेत. आणोत बापडे, पण मग आधी-व्याधी ही जोडी त्यांना तोडावी लागते. मराठीत व्याधीची ‘ब्याद’ झाली, तेव्हा ‘ब्याद टळली’ म्हणणारा माणूस नकळत पाणिनीचंच सूत्र चालवत असतो. जाता जाता लिंगाची गंमत: संस्कृतात ही सगळी भावंडं पुल्लिंगी. मराठीनं विधी आणि निधी पुरुष ठेवले, समाधी आणि उपाधी बायका केल्या, आणि संधीला व्याकरणात ‘तो’ तर नशिबात ‘ती’ करून टाकलं. उपाध्याय मात्र या घरातला नव्हे. तो उप + अधि + इ, ज्याच्याजवळ जाऊन शिकायचं तो. ‘उपाधी देतो तो उपाध्याय’ असं पुन्हा कुणी सांगितलं तर चहा न पिता उठा.

उपाधी म्हणजे मग जवळ ठेवलेलं. एवढ्यानं भागत नाही. शास्त्रकारांची जुनी व्याख्या अशी की, जवळ असलेल्या वस्तूत जे आपला गुण उतरवतं ते उपाधी. उतरवतं म्हणजे देत नाही, उतरल्यासारखा दाखवतं. ठरलेला दृष्टान्त स्फटिक आणि जास्वंदीचा. करूनच बघा. काचेचा भरीव, बिनरंगी, बिननक्षीचा गोळा किंवा पेपरवेट पांढऱ्या कागदावर ठेवा आणि लाल जास्वंद त्याला मागून चिकटवून ठेवा. गोळा लालभडक दिसेल. फूल वीतभर मागे सरकवलं की लाली ओसरते. पाण्याचा पातळ पेला घेतलात तर मजा जाते, कारण मग फूल आरपार फूल म्हणूनच दिसतं, काच लाल दिसत नाही. आत बुडबुडे किंवा रंगीत फूल असलेला शोभेचा पेपरवेट तर नकोच. आणि आता मुख्य गोष्ट: गोळा लाल दिसतोय म्हणून तो कुणी घासून धुवायला घेत नाही. लाली काचेला लागलेलीच नाही, निघणार काय?

वेदान्तातली उपाधी एवढीच आहे. देह, प्राण, मन, बुद्धी ही जास्वंद. आत्मा हा स्फटिक. ‘मी जाडा, मी दमलो, मी चिडलो, मला कळत नाही’ ही लाली. अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांनी मांडूक्यकारिकेच्या तिसऱ्या प्रकरणात हेच घटाकाशानं सांगितलं आहे. घागरीमुळे ‘घागरीतलं आकाश’ असं वेगळं नाव पडतं, आणि एका घागरीत धूर-धूळ भरली म्हणून शेजारच्या घागरीतली पोकळी काही मळत नाही. ‘सगळ्यांत एकच आत्मा, तर माझी दाढ दुखताना तुमची का दुखत नाही?’ हा आक्षेप लोक फार मोठा शोध लावल्यासारखा काढतात. त्याचं उत्तर त्या कारिकेत केव्हाच देऊन झालं आहे.

विशेषण, उपाधी आणि उपलक्षण यांची खिचडी करू नका. धर्मराज अध्वरींद्रांच्या वेदान्तपरिभाषा या ग्रंथात यातल्या पहिल्या दोघांची वाटणी चोख आहे. तिघंही वस्तूला इतरांपासून वेगळं काढतात. ‘निळं कमळ’ यात निळेपणा कमळात मुरलेला आहे, ते विशेषण. ‘कानाच्या पाळीनं वेढलेलं आकाश म्हणजे श्रोत्र’ यात पाळी हजर आहे, आकाशाला वेगळं काढते आहे, पण आकाशात शिरलेली नाही, ती उपाधी. ‘ज्यावर कावळा बसलाय ते देवदत्ताचं घर’ यात घर ओळखून झाल्यावर कावळा उडाला तरी बिघडत नाही; ते उपलक्षण. निळेपणा काढला तर कमळाचं काहीतरी जातं. पाळी काढली तर आकाशाचं काहीच जात नाही. ‘टाका’ हे क्रियापद म्हणूनच उपाधीला शोभत नाही. जे मुळात अंगात शिरलेलं नाही ते टाकायचं कसं? ओळखायचं असतं ते.

आता माझा आवडता मुद्दा, ज्यावर इतर लोक नाकं मुरडतात. आजीची ‘नसती उपाधी’ हा वेदान्ती शब्दाचा अपभ्रष्ट अर्थ आहे, असं भाषेवरची पुस्तकं झटकून सांगतात. माझं म्हणणं, आजीचा अर्थच मुळाच्या जास्त जवळ आहे. पुरावा क्रियापदांचा. उपाधी लागते, मागे लागते, चिकटते, आपण लावून घेतो, आणि शेवटी ती सुटते. रंग लागतो, डाग लागतो, तशी उपाधी लागते. व्याधीही जडते हे मान्य. पण व्याधी बरी होते, तिला औषध असतं. ‘उपाधी बरी झाली’ असं मराठीत कुणी म्हणेल का? ती सुटतेच. आणि ‘नसती’ हे विशेषण बघा. नसता आजार नसतो, नसतं संकट क्वचित. पण उपाधी नसतीच असते, म्हणजे मुळात आपली नसलेली. शंकराचार्यांना भाष्य लिहावं लागलं ते आजीनं एका विशेषणात उरकलं. गुजरातीतही ‘उपाधि’ म्हणजे काळजी, कटकट. हिंदीत मात्र ती बिरुद झाली आणि विद्यापीठात जाऊन बसली.

हा अर्थ कीर्तनातून घराघरांत झिरपला, असं मी मानतो. ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात ‘या उपाधिमाजीं गुप्त । चैतन्य असे सर्वगत’ अशी ओवी आहे, आणि लगेच पुढे पाण्यातून दूध निवडणारा राजहंस आणि सोन्यातलं किडाळ जाळून काढणारे जाणते येतात. तिथे उपाधी म्हणजे हा सगळा दिसणारा पसारा. दासबोधात राजकारण सांगताना समर्थ म्हणतात, ‘उपाधीस विस्तारावें, उपाधींत न सांपडावें’. तिथे उपाधी म्हणजे व्याप, कामाचा खटला. स्फटिकापासून पसारा, पसाऱ्यापासून व्याप, व्यापापासून कटकट, एवढाच प्रवास. आणि अमरसिंहाचा जुना संस्कृत शब्दकोश, अमरकोश, तर आणखी पुढे जातो: कुटुंबाच्या पोषणात गढून गेलेल्या माणसालाच त्यानं ‘उपाधि’ म्हटलं आहे! पसारा नव्हे, पसाऱ्यात अडकलेला गृहस्थच. आजी नातवाला ‘आलास का उपाधी?’ म्हणते तेव्हा ती अमरसिंहाला धरूनच बोलत असते. हा दुवा ओढूनताणून आणलाय असं म्हणणाऱ्यांनी ‘नसती’ला दुसरं उत्तर द्यावं, मग बोलू.

हे रोजच्या जगण्यात वापरायचं कसं, ते मात्र प्रवचनात सांगत नाहीत. एक कागद घ्या, ‘मी’नं सुरू होणारी दहा वाक्यं लिहा, जशी सुचतील तशी. मग प्रत्येकासमोर लिहा की ते नक्की कुणाबद्दल आहे. तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश, म्हणजे आत्म्यावरची एकात एक पाच आवरणं, इथे कप्प्यांसारखे वापरा. ‘मी बावन्न वर्षांचा’ हे अन्नमय, ‘मला भूक लागली’ हे प्राणमय, ‘मी वैतागलोय’ हे मनोमय, ‘मी ठरवलं’ हे विज्ञानमय, ‘गाढ झोप लागली, मस्त वाटलं’ हे आनंदमय. शेवटचा कप्पा लोक वगळतात, कारण सुखाची लाली पुसावीशी वाटत नाही. पण तीही लालीच. मग एकच विचारा: हे ज्याला कळतंय तो या कप्प्यात आहे का? वैताग कळतो, म्हणजे वैताग हे समोरचं फूल झालं.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, ‘मी देह नाही’ म्हणून लोक देहाची कामं टाळतात. फूल मी नव्हे म्हणून ते कुजू द्यायचं नसतं. व्यवहार व्यवहाराच्या पातळीवर पुरता खरा, भांडी घासावीच लागतात, गोळ्या वेळेवर घ्याव्याच लागतात. दुसरं जास्त छळतं: ‘इतकं वाचलं, तरी राग येतोच, म्हणजे ज्ञान झालंच नाही.’ याचं उत्तर उपाधी या शब्दातच आहे. भ्रम दोन तऱ्हेचे. दोरीवरचा साप हा निरुपाधिक, म्हणजे उपाधीशिवायचा भ्रम. दिवा आणला की साप खलास, पुन्हा दिसतच नाही. स्फटिकाची लाली हा सोपाधिक, म्हणजे उपाधीमुळे होणारा भ्रम. कळल्यावरही फूल जवळ आहे तोवर गोळा लाल दिसतच राहतो. ‘पंचदशी’ या वेदान्तग्रंथात विद्यारण्यांनी पाण्यात उलटा दिसणारा माणूस घेतला आहे: तो दिसतो, पण काठावर उभ्या असलेल्या माणसाइतकं खरं त्याला कुणीच मानत नाही. राग दिसणं आणि रागावर विश्वास बसणं या दोन गोष्टी आहेत. साप गेला की नाही हे तपासायची कसोटी लालीला लावली की माणूस उगाच खचतो. याला काय म्हणतात ते आजीला विचारा.

विवेकचूडामणी हा ग्रंथ शंकराचार्यांच्या नावावर आहे. लिहिणारा कोण यावर विद्वानांत वाद आहे, पण त्यातला एक श्लोक इथे नेमका बसतो. राज्य ही राजाची उपाधी, ढाल ही शिपायाची; दोन्ही बाजूला काढली की ना राजा, ना शिपाई. ईश्वर आणि जीव यांच्यातला फरकही तेवढाच. यात राजानं राज्य सोडून रानात जावं असं कुठेही म्हटलेलं नाही.

हां, पत्रिका. ‘उपाधी’ला बिरुद हा अर्थ संस्कृतातही आहे, नावाजवळ ठेवलेलं आणि नावाला आपला रंग देणारं, म्हणजे मुळाशी तोच. चूक म्हणता येणार नाही. पण मराठीत विद्यापीठ देतं ती पदवी, मंडळ देतं तो किताब किंवा बिरुद. पदवीचा मूळ अर्थ पाऊलवाट, तोही वाईट नाही. ‘मानद उपाधी प्रदान’ छापलंत तर सत्कारमूर्तीला मानाची कटकट दिल्यासारखं वाचलं जाईल, आणि मागच्या रांगेत कुणीतरी हसेल. छापणारच असाल तर शुद्धलेखन तरी सांभाळा: सुटा शब्द ‘उपाधी’ दीर्घ, समासात आधी आला की ‘उपाधिभेद’, ‘उपाधिदान’ असा ऱ्हस्व. मुद्रितं तपासणाऱ्याला हे बजावून सांगा, कारण ‘उपाधीदान समारंभ’ असे फलक हल्ली बिनधास्त लागतात.