भंगारातून घेतलेला गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा भाग) साफ करून पुन्हा बसवता येईल का?

येईल, पण घासायच्या आधी तडा बघा. बिडाचा असेल तर हातोडीने हलकं ठोका. खणखणीत वाजला तर बहुधा ठीक, बद्द वाजला तर शंका घ्या. बारीक तडे पोर्टच्या (धूर आत येण्याच्या तोंडांच्या) सांध्यांजवळ असतात. बिडाचं वेल्डिंग निकेल रॉडने, आधी तापवून करावं लागतं आणि तरी टिकेलच असं नाही. तडा दिसला तर दुसरा शोधा, उगा पैसे घालू नका.

मग फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट बाजूवर) सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) घाला. वाकलेला असेल तर मशीन शॉपमधून फेस मारून (ती बाजू सपाट करून) घ्या. गंज वायर ब्रशने निघतो, पण सँडब्लास्टिंग (हवेच्या जोराने वाळू मारणं) उत्तम. छत्रपती संभाजीनगरात असाल तर वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीकडे चौकशी करा. आतली वाळू हवा मारून पूर्ण काढा, टर्बोच्या गाडीत तर नक्कीच.

साधा रंग जळून जातो. ६००° सेल्सियसच्या वरचा हीटप्रूफ घ्या, पातळ हात मारा आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करा. गॅस्केट (सांध्यात बसणारं सील) नवंच. नट मधून बाहेरच्या बाजूला, टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) आवळा.