मासे वाढताहेत, टाकी केवढी घेऊ?

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी भुसावळहून लिहितेय. मागच्या आखाजीला लेकीच्या हट्टापायी तीन गोल्डफिश आणले, तेव्हा बोटाच्या दोन पेरांएवढे होते. आधी बाऊलमध्ये ठेवले, मग दीड बाय एक बाय एक फुटाची टाकी घेतली. आता दोघं लांबट आणि एकेरी शेपटीचे, चार इंचांच्या वर गेलेत, तिसरा गोलमटोल आहे, डोक्यावर लाल टोपी, तो मात्र फार वाढला नाही. मी दर रविवारी सगळं पाणी काढून टाकी घासून धुते तरी तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत बसतात. दोन फुटी घेऊ का तीन फुटी? दुकानदार म्हणतो टाकी लहान असली की मासा पण लहानच राहतो, आणि सासूबाई म्हणतात, "इतलासा मासाले इतली मोठी टाकी कसाले?" आमच्याकडे नळ तिसऱ्या दिवशी येतो, तेही बघून सांगा.

उत्तर : ताई, आधी त्या दुकानदाराचं बोलणं डोक्यातून काढून टाका. लहान टाकीत मासा वाढत नाही हे दिसायला खरं आहे, पण तो त्यात रुळला म्हणून नाही, तर रोज स्वतःच्याच घाणीच्या पाण्यात राहून खुरटतो म्हणून. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, आणि बाऊलमधले वर्ष-दोन वर्षांत जातात तेव्हा आपण म्हणतो, नाजूक होता हो. नाजूक नसतो तो, कार्पच्या कुळातला चांगला दणकट मासा आहे.

आता हिशोब बघा. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर, म्हणजे तुमची टाकी ४२ लिटरची, त्यात वरून दोन इंच रिकामं आणि खाली खडी, हाती राहिलं ३०-३२ लिटर. तीन गोल्डफिश त्यात रात्रंदिवस अमोनिया सोडतात, निम्म्याहून जास्त तर कल्ल्यांतूनच, आणि पाणी गरम झालं की तोच अमोनिया आणखी जहाल होतो. वर येऊन तोंड उघडतात ते भुकेनं नाही, श्वास पुरत नाही म्हणून.

दोन फुटी (दोन बाय एक बाय एक) म्हणजे ५६ लिटर, घेऊच नका, वर्षभरात परत हाच प्रश्न विचाराल आणि पैसे दोनदा जातील. पण तीन फुटीचं उत्तर पण सरळ नाही, कारण तुमच्याकडे दोन वेगळ्या जातीचे मासे आहेत. टोपीवाला ओरांडा, तो सहा-सात इंचांपर्यंत जातो, हळू पोहतो. लांबट दोघं कॉमेट किंवा साधे गोल्डफिश, ते फूटभर होऊ शकतात आणि पोहायला सुसाट, खाणं टाकलं की ओरांडा पोचायच्या आत संपवतात. तो वाढला नाही त्याचं हे पण एक कारण असणार.

म्हणून माझं सांगणं, ओरांडाला तीन बाय दीड बाय दीडची टाकी, पंधरा इंच पाणी भरलं तर १६० लिटर होतं, पुढे त्याच्याच जातीचा एक जोडीदार पण मावेल. काच आठ एमएमच्या खाली नको, खाली थर्माकोलची शीट घाला, आणि भरलेली टाकी दोनशे किलोच्या वर जाते तर साध्या टेबलावर ठेवू नका.

कॉमेटसाठी काचेची टाकी घ्यायची तर चार-पाच फुटी लागेल. त्यापेक्षा आपल्याकडे कितीतरी घरांच्या अंगणात सिमेंटचा जुना हौद पडून असतो, चार बाय तीनचा, दोन फूट पाण्याचा म्हटलं तरी पावणेसातशे लिटर झाले! मला तर कॉमेट हौदातच बघायला आवडतात, वरून ती केशरी पाठ काय चमकते. हौद नवा बांधला असेल तर चुना उतरतो, दोन-तीन आठवडे पाणी भरून फेकत राहा, मगच मासे सोडा. वर केळीच्या रोपांना बांधतात तसली हिरवी शेडनेट बांधा, सावली पण होते आणि बगळा, मांजर पण लांब राहतं. आणि काही झालं तरी मासे तापीत किंवा विहिरीत सोडू नका, तिथले मासे आणि त्यांची अंडी धोक्यात येतात.

मे महिन्याचं आत्ताच ठरवून ठेवा, भुसावळचा ४५ डिग्रीचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा, १८ ते २४ डिग्रीत खुश, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. झाकण काढून जाळी टाका, पृष्ठभागावर टेबल फॅन लावा, दोन-तीन डिग्री उतरतं. लाईट गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. मोठी टाकी इथेच कामाला येते, जास्त पाणी हळू तापतं.

राहिली तुमची रविवारची धुलाई, ती आजपासून बंद करा ताई. अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर बसलेले असतात, ते तुम्ही दर आठवड्याला धुऊन टाकता आणि गढूळपणा म्हणूनच परत येतो. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, १६० लिटरला दोन बादल्या. नळ आला की त्या बादल्या दिवसभर उघड्या ठेवा म्हणजे पाण्यातला क्लोरीन उडून जातो, किंवा अँटीक्लोरीन (क्लोरीन मारणारं औषध) टाका. काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घाला, झाडं तरारतात. स्पंज फक्त काढलेल्या टाकीच्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही.

नवी टाकी आणली की जुना फिल्टर तसाच न धुता त्यात लावा आणि नव्याच्या शेजारी महिना-दीड महिना चालू ठेवा, तोवर खाणं निम्मं करा. मासे आणि फिल्टर दोन्ही एकाच दिवशी हलवा.